चांगले अन्न, पण किती?



अकरावी-बारावीच्या वर्गात पदार्थविज्ञान शिकवताना ‘कार्य आणि ऊर्जा’ हे प्रकरण दर वर्षी येते. अलीकडे या प्रकरणाच्या शेवटी एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा नुकताच व्यायामशाळेत जाऊ लागलेला असतो. “सर, मी वडापाव सोडला, साखर सोडली, बेकरीचे पदार्थ सोडले. आता फक्त क्लीन डाएट. आठवड्यातून चार दिवस वजने उचलतो. दंड भरले, पण पोटावरची चरबी काही हलत नाही. आता आणखी काय सोडू?”

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो पदार्थविज्ञानाच्या तासाला विचारला जातो, हेही योग्यच आहे. पण ‘आणखी काय सोडू?’ या शब्दांतच घोटाळ्याचे मूळ आहे. काय खावे या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच जणांना मिळालेले असते. किती खावे हा प्रश्न मात्र कोणी विचारतच नाही. मग कोणी दुपारचे जेवण सोडतो, कोणी भाकरीच बंद करतो, कोणी घरच्यांकडे हट्ट धरून हजारो रुपयांचे पावडरचे डबे आणवतो. वाढीच्या वयात हे प्रयोग महागात पडतात. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर आणि स्पष्ट लिहावे असे वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: ‘क्लीन’ हा शब्द अन्नाचा गुण सांगतो, राशी सांगत नाही. चरबी कमी होणे हा मात्र राशीचा प्रश्न आहे. जो मोजायला शिकतो तो थोडेच बदलतो आणि पोटभर जेवतो. जो मोजत नाही तो एकेक पदार्थ सोडत जातो आणि शेवटी उपाशी राहतो.

गुण आणि राशी

क्लीन डाएट म्हणजे काय? कारखान्यात फारशी प्रक्रिया न झालेले, साखर-मैदा-तळण टाळलेले, मूळ स्वरूपाच्या जवळचे अन्न. सल्ला उत्तम आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, ताक, फळे यांत जीवनसत्त्वे, खनिजे आणि चोथा भरपूर असतो. हा सल्ला कोणी सोडावा असे मी म्हणणार नाही.

पण आता काही आकडे पाहू. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० किलोकॅलरी ऊर्जा असते. (आहारशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ज्याला ‘उष्मांक’ म्हणतात तो म्हणजे ही किलोकॅलरीच.) १०० ग्रॅम गुळात ती ३५० ते ३८० असते. म्हणजे साखर सोडून तितकाच गूळ खाल्ला, तर अन्न थोडे बदलले, हिशेब जवळजवळ तोच राहिला. शेंगदाणे कोणत्याही व्याख्येने शुद्ध अन्नच; पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. घरी कढवलेले साजूक तूप, घाण्याचे तेल यांत तर ग्रॅममागे ९. उलट ज्या बटाट्याला क्लीन डाएटच्या यादीतून हाकलले जाते, त्या उकडलेल्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्ये ७० ते ८० किलोकॅलरीच असतात! बटाटा बिचारा निर्दोष असतो. त्याला ज्या तेलात तळतो त्याचा हिशेब वेगळा.

भाषेचा आणखी एक परिणाम होतो. काही अन्नाला ‘स्वच्छ’ म्हटले की उरलेले आपोआप ‘अस्वच्छ’ ठरते. आईने डब्यात दिलेली बटाट्याची भाजी अस्वच्छ आणि दुकानातला चकचकीत वेष्टनातला ‘हेल्थ बार’ स्वच्छ! विज्ञानाच्या विद्यार्थ्याने असल्या शब्दांपासून सावध राहावे. लांबीला मीटर आहे, वस्तुमानाला किलोग्रॅम आहे, ऊर्जेला ज्यूल आहे. स्वच्छतेला असे एकक नाही.

हा नियम आपल्या शरीरालाही लागू आहे

“ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, तिचे फक्त रूपांतर होते,” हे वाक्य तुम्हांला पाठ असेल. पण हा नियम केवळ वाफेच्या इंजिनाचा किंवा विजेच्या मोटारीचा आहे असे तुम्हांला वाटत असेल, तर त्याचा इतिहास ऐका.

ज्युलियस रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर १८४० साली एका डच जहाजावर वैद्य म्हणून जावा बेटाला गेला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आजारी खलाशांची शीर कापून रक्त काढताना त्याच्या लक्षात आले, की नीलेतले रक्त नेहमीपेक्षा जास्त लाल दिसते. त्याने विचार केला: उष्ण प्रदेशात शरीर गरम राखण्यासाठी कमी अन्न ‘जाळावे’ लागते, म्हणून रक्तातला ऑक्सिजन कमी खर्च होतो. अन्न, उष्णता आणि काम यांचा हिशेब एकच आहे, या दिशेने त्याचे विचार सुरू झाले आणि १८४२ साली त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेची कल्पना मांडली. पुढे जेम्स ज्यूल आणि इतरांनी ती प्रयोगांनी पक्की केली. म्हणजे या नियमाच्या जन्माशी माणसाच्या शरीराचा संबंध आहे.

मग माणूस हा नियम खरोखर पाळतो का, याची परीक्षा झाली. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मिडलटाउन येथे वेस्लियन विद्यापीठ आहे. तेथे १८९० नंतरच्या दशकात विल्बर अॅटवॉटर हे रसायनशास्त्रज्ञ आणि एडवर्ड रोझा हे पदार्थवैज्ञानिक यांनी एक छोटी बंद खोली बांधली. माणूस आत काही दिवस राहू शकेल, झोपेल, जेवेल, सायकलसारखे यंत्र चालवेल एवढीच ती होती. तुमच्या प्रयोगशाळेतला कॅलरीमापी मोठा करून त्यात माणूस ठेवला, असेच म्हणा ना! नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याने आतली उष्णता बाहेर नेली जाई व ती मोजली जाई. श्वासातले वायू, दिलेले अन्न आणि मलमूत्र यांचेही मोजमाप होई. १८९९ साली या उपकरणाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. आत गेलेली ऊर्जा आणि बाहेर आलेली ऊर्जा यांच्यात एका टक्क्याचाही फरक पडला नाही.

अॅटवॉटर यांच्या कामातूनच आज आपण वापरतो ते गुणक मिळाले. १ ग्रॅम कर्बोदकांपासून ४, १ ग्रॅम प्रथिनांपासून ४ आणि १ ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेले आकडे या गुणकांवरच बेतलेले असतात. हे तीन अंक लक्षात ठेवले, तर पुढचा सगळा हिशेब तुमच्या हातात आहे.

वजने उचलून किती ऊर्जा खर्च होते?

आता एक सोपे उदाहरण सोडवू. समजा, तुमच्या मोठ्या भावाने ४० किलोग्रॅमचा बारबेल अर्धा मीटर वर उचलला. कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = ४० × ९.८ × ०.५ = १९६ ज्यूल. असे त्याने १०० वेळा केले, तर १९,६०० ज्यूल. एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल. भागाकार करा. उत्तर येते, ४.७ किलोकॅलरी!

स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते. बाकी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च याच्या चार-पाच पट, म्हणजे २० ते २५ किलोकॅलरी धरू. तेवढी ऊर्जा चहाच्या अर्ध्या चमचा तेलात असते. वजन खाली आणताना, तोल सांभाळताना, मध्ये दम घेतानाही ऊर्जा लागते. ते सर्व धरून तासाभराच्या चांगल्या व्यायामाचा जादा खर्च साधारण २०० ते ३०० किलोकॅलरी होतो. व्यायाम संपल्यावर ‘क्लीन’ म्हणून ५० ग्रॅम शेंगदाणे तोंडात टाकले, की हिशेब चुकता!

मग वजने उचलायची कशाला? त्याचे उत्तर दुसरीकडे आहे. खर्चापेक्षा अन्न कमी पडले, की शरीर आपली साठवण मोडू लागते. ते चरबी मोडते, तसेच स्नायूही मोडते. स्नायूंवर नियमित भार पडत असेल आणि अन्नातून प्रथिने पुरेशी मिळत असतील, तर स्नायू टिकतात आणि तूट मुख्यतः चरबीतून भरून काढली जाते. म्हणजे व्यायामशाळा स्नायू राखते आणि चरबीचा निकाल स्वयंपाकघरात लागतो. नुसते उपाशी राहून वजन घटवणारा मनुष्य बारीक होतो, पिळदार होत नाही.

चरबी जाते तरी कोठे?

चरबी ‘वितळून घामावाटे जाते’ असे पुष्कळांना वाटते. काही जण म्हणतात, तिचे ऊर्जेत रूपांतर होते. असे असते तर वस्तुमानच नाहीसे झाले असते! ऑस्ट्रेलियातील रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचा हिशेब मांडला. १० किलोग्रॅम चरबीचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले, तर तिच्यातील ८.४ किलोग्रॅम वस्तुमान कार्बन डायऑक्साइड म्हणून श्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोग्रॅमचे पाणी होते. त्यासाठी २९ किलोग्रॅम ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायामशिक्षक यांना हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेकांचे उत्तर चुकले होते.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली ही, की पोटाला पट्टा बांधून, प्लॅस्टिकचा सदरा घालून किंवा वाफेच्या खोलीत बसून जे वजन घटते ते पाण्याचे असते. दुसरी अशी, की वजनाचा काटा शरीराचे एकूण वस्तुमान सांगतो, त्यातली चरबी किती आणि पाणी किती हे सांगत नाही. इटलीतील पाडुआ येथील वैद्य सांतोरिओ यांनी सुमारे तीस वर्षे खुर्चीच तराजूला टांगून खाण्याआधीचे आणि नंतरचे स्वतःचे वजन केले. १६१४ साली त्यांनी आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. खाल्ल्या-प्यायलेल्या वस्तुमानापैकी निम्म्याहून अधिक भाग नकळत त्वचेतून आणि श्वासातून निघून जातो, असे त्यांना आढळले. तुमचे वजनही सकाळ-संध्याकाळ एखाद्या किलोग्रॅमने सहज हलते. हे लक्षात न घेता कोणी रोज काट्यावर उभा राहून आनंद किंवा शोक करीत असेल, तर तो पाण्यासाठी हसतो आणि पाण्यासाठी रडतो.

कुस्तीच्या खेळात या काट्याला केवढे महत्त्व असते, हे ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये साऱ्या देशाने पाहिले. रात्रभर प्रयत्न करूनही विनेश फोगाट यांचे वजन ५० किलोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅमने जास्त भरले आणि त्यांना अंतिम सामन्यासाठी अपात्र ठरविण्यात आले. १०० ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. खेळाचा तो नियम आहे आणि मोठे मल्ल जाणत्या मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली त्याला सामोरे जातात. तुम्हांला मात्र असा एका रात्रीत निकाल लावायचा नाही. तेव्हा त्यांच्या तयारीची नक्कल करण्याचे काहीच कारण नाही.

जुळवणी कशी करावी?

आता समजा, तुमच्या घरी अठरा वर्षे पूर्ण झालेला, ७० किलोग्रॅम वजनाचा, निरोगी मोठा भाऊ आहे. तो वजने उचलतो, चांगले अन्न खातो आणि त्याला थोडी चरबी उतरवायची आहे. त्याला तुम्ही काय सांगाल?

पहिली पायरी: काहीही न बदलता दोन आठवडे वही ठेवायची. काय खाल्ले ते लिहायचे आणि शक्य तेथे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजायचे. रोज सकाळी उठल्यावर एकाच वेळी वजन करायचे, पण रोजच्या आकड्याकडे न पाहता आठवड्याची सरासरी काढायची. दोन्ही आठवड्यांची सरासरी सारखी आली, तर त्याचा आहार आणि त्याचा खर्च समान आहे. यासाठी कोणत्याही सूत्राची गरज नाही. त्याचे शरीर हाच येथे कॅलरीमापी!

ही पायरी पुष्कळ जण गाळतात. ‘मी कमीच खातो’ हे वाक्य ते खरे मानतात. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी खाऊनही आपले वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या व्यक्तींचा ऊर्जाखर्च आणि आहार शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होता आणि सांगितलेला व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांचा ऊर्जाखर्च मात्र अपेक्षेप्रमाणेच होता. ही माणसे खोटे बोलत होती असे समजू नका. फोडणीतले तेल, येता-जाता खाल्लेली मूठभर शेव, चटणीतले दाणे कोणाच्या लक्षात राहतात? डोळ्यांनी लांबी जशी नेमकी मोजता येत नाही, तसेच आठवणीने अन्न मोजता येत नाही.

दुसरी पायरी: रोजच्या आहारातून ३०० ते ४०० किलोकॅलरी कमी करायच्या, त्याहून जास्त नाही. कोठून? ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे १६५. १० ग्रॅम तूप म्हणजे ९०. २५ ग्रॅम गूळ म्हणजे सुमारे ९५. बेरीज ३५०. भाकरी गेली नाही, भात गेला नाही, आईची भाजीही गेली नाही! आता पुढचा हिशेब. शरीरातल्या चरबीच्या १ किलोग्रॅम पेशीजालात सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. रोज ३५० म्हणजे आठवड्याला २,४५०. भागाकार करता आठवड्याला सुमारे ३०० ग्रॅम चरबी. आकडा लहान वाटतो ना? तीन महिन्यांत तो जवळजवळ चार किलोग्रॅमचा होतो, आणि तोही व्यायाम व प्रथिने चालू असतील तर मुख्यतः चरबीचा.

तिसरी पायरी: प्रथिनांना हात लावायचा नाही, कमी असतील तर वाढवायची. साधारण प्रौढ भारतीयासाठी शरीराच्या दर किलोग्रॅमला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. वजने उचलणाऱ्याला याहून अधिक लागतात. २०१८ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार करून असे दिसले, की सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढवून स्नायूंच्या वाढीत विशेष भर पडत नाही. घरच्या जेवणातून हे साधेल का? पाहा: ५० ग्रॅम पिठाची एक याप्रमाणे चार ज्वारीच्या भाकरी, २० ग्रॅम प्रथिने. ५० ग्रॅम तूरडाळीचे वरण, ११. ६० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, सुमारे १३. अर्धा लिटर दूध, १६. तीन अंडी, १८. एक वाटीभर दही, ६ ते ७. भाजीत ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, १५. बेरीज १०० ग्रॅमच्या आसपास येते. ७० किलोग्रॅमच्या भावाला तेवढी पुष्कळ झाली. अंडी न खाणाऱ्याने फुटाणे, चक्का, जास्तीचे वरण यांची जोड द्यावी.

चौथी पायरी: वाट पाहायची. पाण्याच्या चढउतारामुळे दोन-तीन आठवडे तरी निष्कर्ष काढता येत नाही. पुढे वजन घटत जाते तसा शरीराचा खर्चही घटतो, कारण लहान शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते. मग एके ठिकाणी घट थांबते. येथे नियम मोडला असे समजू नये. समीकरणाच्या दोन्ही बाजू पुन्हा समान झाल्या, इतकेच. अशा वेळी पुन्हा वही काढायची आणि थोडासा बदल करायचा, किंवा आहे तेथे समाधानाने थांबायचे.

भुकेचा प्रयोग

“थोडे थोडे कशाला? एकदम निम्मे जेवण करतो!” असे म्हणणारा वीर प्रत्येक वर्गात असतो. त्याच्यासाठी एक जुना प्रयोग सांगतो. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे, हे शोधणे हा त्यामागचा हेतू होता. या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. त्यांच्या शरीराचा विश्रांतीचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. नाडी मंदावली, ताकद गेली, थंडी वाजू लागली. चिडचिड आणि उदासी वाढली, आणि दिवसरात्र डोक्यात अन्नाखेरीज विचार नाही अशी स्थिती झाली. सुदृढ प्रौढांची ही गत. मग वाढत्या मुलाने हा प्रयोग स्वतःवर का करावा?

तुमचा हिशेब वेगळा आहे

आणि येथे मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेली जुळवणी वाढ पूर्ण झालेल्या माणसासाठी आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण बारा ते सतरा वर्षांचे आहात. तुमच्या समीकरणात आणखी एक पद आहे: अन्नातून मिळालेली ऊर्जा = खर्च + वाढ. या वयात एखाद्या वर्षात उंची आठ-दहा सेंटिमीटरनेही वाढते. हाडे लांब होतात आणि त्यांत कॅल्शियम साठते, रक्ताचे प्रमाण वाढते, स्नायू भरतात. अन्नात मोठी तूट पाडली, तर कात्री केवळ चरबीला लागेल याची खात्री नाही. ती वाढीलाही लागते. मुलींमध्ये सतत अपुरे खाल्ल्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे कमकुवत होतात. म्हणून शाळेच्या वयात स्वतःच्या मनाने आहार कमी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वजन खरोखरच जास्त असेल, तर ते डॉक्टरांनी वय आणि उंची पाहून ठरवावे.

वजने उचलण्याने उंची खुंटते, ही भीती मात्र बाळगू नका. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, हलक्या वजनापासून, योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते असे दिसून आलेले नाही. जोर, बैठका, मल्लखांब, दोरीच्या उड्या तर आहेतच. पोटभर जेवा, चांगले अन्न जेवा, खेळा, झोपा. पुष्कळदा उंची वाढता वाढता शरीराचा बांधा आपोआप बदलतो.

पावडरच्या डब्यांबद्दलही दोन शब्द. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, असे त्यांतले एक तत्त्वच आहे. वर केलेली बेरीज पुन्हा पाहा. डब्याशिवाय १०० ग्रॅमचा हिशेब बसला आहे.

मग क्लीन डाएट निरुपयोगी आहे का?

मुळीच नाही. त्याची बाजू मांडणारा एक सुंदर प्रयोग आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० व्यक्तींना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रिया केलेले अन्न दिले. २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे ठेवलेल्या दोन्ही जेवणांत ऊर्जा, साखर, स्निग्ध पदार्थ आणि चोथा यांचे प्रमाण सारखे ठेवले होते. हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात माणसे रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन वाढले. साध्या अन्नाच्या काळात ते घटले.

म्हणजे साधे अन्न उपयोगी पडते ते राशीच्या मार्गानेच. ते लवकर पोट भरते आणि न मोजताही आपल्याला कमी खायला लावते. बहुतेक लोकांना तेवढे पुरते. पण ज्याने ते आधीच स्वीकारले आहे आणि ज्याला आणखी थोडे पुढे जायचे आहे, त्याला त्या शब्दाचा आधार पुरत नाही. तेथून पुढे काटा आणि वही लागते.

माझी एक सूचना

शाळेत आपण तांब्याचा तुकडा तापवतो, पाण्यात टाकतो आणि मिळालेली उष्णता मोजतो. हे आवश्यकच आहे. पण दहावी पास झालेल्या मुलाला तांब्याची विशिष्ट उष्णता पाठ असते आणि स्वतःच्या डब्यातली ऊर्जा सांगता येत नाही, हे काही बरे नाही. त्यामुळे व्यायामशाळेत भेटलेला कोणीही त्याला काहीही पटवून देऊ शकतो. माझ्या मते उष्णतेच्या प्रकरणात एक तरी गणित भाकरीचे असावे आणि कार्याच्या प्रकरणात एक तरी बारबेलचे.

तोपर्यंत एक प्रयोग तुम्हीच करा. मात्र शिक्षकांच्या उपस्थितीत. अर्ध्या ग्रॅमचा एक शेंगदाणा टाचणीला टोचून पेटवा आणि वर धातूच्या भांड्यात १०० मिलिलीटर पाणी धरा. दाण्याच्या ऊर्जेचा प्रत्येक कण पाण्यात गेला, तर तापमान सुमारे २७ अंश सेल्सियसने वाढायला हवे. प्रत्यक्षात ते बरेच कमी वाढेल. उरलेली उष्णता कोठे गेली, हे तुम्ही शोधा. पण एका दाण्याने तापलेल्या पाण्यात बोट बुडवून पाहिले, की मूठभर दाण्यांत काय साठले आहे याचा अंदाज येईल.

तेव्हा मित्रांनो, कोणी तुम्हांला ‘हे स्वच्छ, ते अस्वच्छ’ असे सांगू लागला, तर त्याला नम्रपणे एकच प्रश्न विचारा: “किती ग्रॅम?” उत्तर मिळाले तर पुढे ऐका. नाही मिळाले, तर घरी जा आणि नीट जेवा.